घरगुती उत्पादन बाजारात आणताना: आधी वेगळेपण, मग किंमत, शेवटी जाहिरात

माझ्या वहिनींनी कोथरूडमधल्या घरातून थालीपिठाची भाजणी विकायला सुरुवात केली, तेव्हा मी उत्साहाच्या भरात सर्वांत आधी पत्रक छापून घेतले. त्यावर भाजणीसह अकरा पदार्थांची नावे होती, माथ्यावर ‘घरगुती, शुद्ध, रुचकर’ हे तीन शब्द ठळक अक्षरांत होते आणि फोन क्रमांक सर्वांत खाली, भिंग लावून वाचावा लागेल इतका बारीक होता. दोन हजार पत्रके वर्तमानपत्रांत घालून वाटली. फोन आले सात, आणि त्यांतल्या तिघांना डबा लावायचा होता. वहिनींनी एक पत्रक हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘भाऊजी, हे वाचून माझी भाजणी का घ्यायची ते मलाही कळलं नाही.’’

वेगळेपण, किंमत आणि जाहिरात या मार्केटिंगच्या तीन मूलभूत गोष्टी कोणत्या क्रमाने हाताळाव्यात, हे मला त्या वाक्यावरून समजले. सांगण्याजोगे काय आहे ते वेगळेपणावरून ठरते आणि ते सांगण्यासाठी किती खर्च परवडेल ते किंमतीवरून ठरते. म्हणून जाहिरातीचे काम शेवटी येते, जरी आपल्यापैकी बहुतेकांना तेच आधी करावेसे वाटत असले तरी. पुढील विवेचन बहुतांशी अर्धा किलो भाजणीच्या एका पाकिटाच्या आधारे केले आहे. त्यातील रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. लोणचे, कापडी पिशव्या किंवा उटणे विकणाऱ्याने आपले आकडे त्या जागी घालावेत.

वेगळेपण कुठे शोधावे

मार्केट यार्डात एकाच प्रतीची ज्वारी कोणत्याही गाळ्यावर घेतली तरी ती ज्वारीच असते, त्यामुळे तिचा भाव बाजार ठरवतो आणि विकणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. याउलट कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे घेण्यासाठी लोक रांगेत उभे राहतात, कारण त्यांच्या लेखी दुसऱ्या दुकानातले बिस्कीट हा त्याला पर्याय नसतो. एडवर्ड चेंबरलिन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये मक्तेदारीयुक्त स्पर्धेचा सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा हाच होता: एकच गरज भागवणारे अनेक विक्रेते असले तरी ज्याची वस्तू ग्राहकाच्या नजरेत थोडी वेगळी असते, तो त्या वेगळेपणापुरता छोटा मक्तेदार असतो आणि तेवढ्यापुरती किंमत ठरवण्याची मोकळीक त्याला मिळते. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला वस्तुभेद म्हणतात. व्याख्येतले ‘ग्राहकाच्या नजरेत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि नेमके तेच विसरले जातात.

आम्हीही विसरलो होतो. एका प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी थांबलेल्या एका तरुण मुलीने विचारले, ‘‘काकू, भाजणी दुकानातपण मिळते की. यात वेगळं काय?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘ही घरगुती आहे.’’ त्यावर ती हसून म्हणाली, ‘‘ते तर सगळ्याच पाकिटांवर लिहिलेलं असतं हो.’’ तिने पाकीट घेतले नाही, परंतु आमचे मोठे काम केले.

पेठांतल्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी पुणेकरांनी पिढ्यानपिढ्या वाचली आहे. वरवर तुसडी वाटणारी ही पाटी वेगळेपण सांगण्याचा नेमका नमुना आहे, कारण ‘हा पदार्थ फक्त इथेच, मालकाच्या देखरेखीखाली होतो’ एवढा सगळा मजकूर तिच्या चार शब्दांत मावतो. पुढे प्रत्येकाने तीच पाटी लावली आणि तिचा उपयोग संपला. जे वेगळेपण नुसते रंगवून घेता येते, ते शेजाऱ्यालाही रंगवून घेता येते.

म्हणून खऱ्या वेगळेपणाचा शोध ग्राहकाच्या तक्रारींतून घ्यावा. ओळखीच्या लोकांना ‘कशी वाटली?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘छान’ असेच येते आणि त्यातून काहीही हाती लागत नाही. त्याऐवजी अनोळखी दहा-बारा जणांना, मागच्या वेळी ही वस्तू कुठून घेतली आणि तिच्यातले काय खटकले, एवढेच विचारावे आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावीत. आमच्या वहीत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. पाकीट फोडल्यावर पिठाला खवट वास येतो, ही पहिली. पीठ इतके बारीक असते की थालीपीठ खुसखुशीत होण्याऐवजी चामट होते, ही दुसरी. वहिनींनी मग दोन निर्णय घेतले. भाजणी रवाळच दळायची, त्यासाठी गिरणीत स्वतः उभे राहायचे. आणि दळल्याची तारीख पाकिटाच्या दर्शनी बाजूवर मोठ्या अक्षरांत छापून वीस दिवसांपेक्षा जुने पाकीट विकायचे नाही. सोनेरी रंगाच्या ज्या पाऊचवर मी हौसेने पैसे घातले होते, त्याबद्दल मात्र आजवर एकही ग्राहक एक शब्द बोललेला नाही.

आपल्याला सुचलेले वेगळेपण टिकेल का, हे पाहण्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ते ग्राहकाला वापरताना जाणवते का? दुसऱ्याला ते उचलायला केवळ नवे लेबल पुरेसे आहे की कामाची पद्धत बदलावी लागेल? आणि सणाच्या गर्दीतही, दमलेले असतानाही, आपण ते दर वेळी पाळू शकू का? तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळ जण अडखळतात, कारण वीस दिवसांची मर्यादा पाळायची तर न खपलेली पाकिटे बाजूला काढावी लागतात आणि तो तोटा सोसावा लागतो. वेगळेपण फुकट मिळत नाही, त्याचा खर्च किंमतीत धरावा लागतो.

मोठ्या उद्योगांतही गोष्ट हीच असते. बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे, त्या काळात, म्हणजे १९८४ मध्ये, पुण्याच्याच फिरोदिया घराण्याच्या कायनेटिकने होंडाच्या साथीने कायनेटिक होंडा ही स्कूटर आणली. तिला गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू होत असे. गाडी तिरकी करून किक मारण्याचा आणि मुठीने गिअर बदलण्याचा ज्यांना कंटाळा किंवा धाक होता, त्यांच्यासाठी एवढे वेगळेपण पुरेसे होते. ‘आमची स्कूटर उत्तम आहे’ हे मोघम विधान आणि ‘हिला किक मारावी लागत नाही’ हे नेमके विधान यांतला फरक ज्याला कळला, त्याला वेगळेपण म्हणजे काय ते कळले.

किंमत कशी काढावी

या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण घरगुती व्यवसाय मला तरी जाहिरातीअभावी बंद पडलेले फारसे दिसले नाहीत. ते हिशेबाअभावी बंद पडलेले दिसले.

दहा किलो धान्याची भाजणी करायची असे समजू. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे आणि जिरे मिळून ७८० रुपये झाले. गॅसचे ६० आणि दळणावळीचे १०० धरले तर ९४० रुपये होतात. निवडण्यात, भाजण्यात आणि दळण्यात तूट येते, त्यामुळे हाती साडेनऊ किलोच्या आसपासच पीठ येते. त्यातले थोडे चवीसाठी आणि नमुन्यासाठी बाजूला ठेवले की अर्ध्या किलोची १८ पाकिटे होतात. पाऊच आणि लेबल यांचे प्रत्येकी ९ रुपये, म्हणजे १६२ रुपये. एकूण खर्च ११०२ रुपये आणि एका पाकिटाला ६१ रुपयांच्या थोडा वर. इथे बहुतेक जण थांबतात, ‘वीस रुपये सुटले तरी पुष्कळ’ असे म्हणतात आणि पाकीट ८० रुपयांना देऊन मोकळे होतात.

आता या कामाला निवडण्यापासून पाकिटे बंद करण्यापर्यंत सात तास लागतात, हे त्यात धरून पाहा. १८ पाकिटांचे १४४० रुपये आले, त्यातून ११०२ वजा केले तर ३३८ उरले. सात तासांनी भागले की तासाला ४८ रुपये पडतात. दुसऱ्या कोणाला या कामावर ठेवले तर तो एवढ्यावर येईल का, हा प्रश्न विचारावा. येणार नसेल तर आपण नफा कमावत नसून स्वतःची मजुरी कमी करून ग्राहकाला सवलत देत आहोत. तासाला ८० रुपये मजुरी धरली तर सात तासांचे ५६० रुपये होतात, एकूण खर्च १६६२ रुपयांवर जातो आणि एका पाकिटाची खरी पडत ९२ रुपये निघते. घरच्यांची मेहनत हिशेबात धरायला आपल्याकडे संकोच वाटतो, तो सोडावा.

पडत हा किंमतीचा तळ झाला. वरची मर्यादा ग्राहकाला मिळणाऱ्या लाभावरून ठरते. अर्धा किलो भाजणीची साधारण नऊ थालीपिठे होतात. पाकीट १३० रुपयांना असेल तर एका थालीपिठाला सुमारे साडेचौदा रुपये पडतात. ज्या घरात दोघेही नोकरीला जातात, तिथे या साडेचौदा रुपयांची तुलना ज्वारीच्या भावाशी होत नाही. ती उपाहारगृहातल्या थालिपिठाच्या प्लेटशी आणि भाजणी घरी करण्यात जाणाऱ्या रविवारच्या सकाळीशी होते. स्पर्धकांच्या किंमती या दोन मर्यादांच्या मध्ये कुठेतरी असतात. त्या जरूर पाहाव्यात, मात्र त्यांच्यापेक्षा पाच रुपये कमी लावणे म्हणजे किंमत ठरवणे नव्हे, कारण स्पर्धकाने आपला हिशेब बरोबर केला आहे याची काय खात्री?

स्वस्त किंमत हेही वेगळेपण असू शकते, हे खरे आहे. अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये घरीच धुण्याची पावडर तयार करून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली, आणि त्यांचा निरमा बड्या कंपनीच्या सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होता. परंतु तो स्वस्त विकता आला, कारण त्याचा उत्पादनखर्चच कमी होता. सर्फने त्याला टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या ललिताजी या चोखंदळ गृहिणीकडून उत्तर दिले, तेही किंमत उतरवून नव्हे, तर स्वस्त आणि चांगले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे पटवून. आपली पडत शेजाऱ्यापेक्षा खरोखर कमी नसेल तर स्वस्ताईच्या शर्यतीत उतरू नये.

छापील किंमत १३० ठेवली आणि पाकीट थेट ग्राहकाला विकले तर मजुरी वजा जाता ३८ रुपये उरतात. दुकानात ठेवायचे झाल्यास चित्र बदलते. दुकानदाराने २० टक्के मागितले तर आधी ते टक्के कशावर, हे विचारून घ्यावे. छापील किंमतीवर २० टक्के म्हणजे २६ रुपये. पाकीट त्याला १०४ ला द्यावे लागते आणि आपल्याला १२ रुपये उरतात. आपल्या १०४ रुपयांच्या बाजूने पाहिले तर तेच २६ रुपये २५ टक्के होतात. ‘खपला की पैसे’ या बोलीवर माल ठेवणाऱ्या दुकानात वीस दिवसांनंतर पाकिटे परत कोण आणणार, हेही आधी ठरवून लिहून घ्यावे. म्हणूनच किंमत ठरवताना आज केवळ सोसायटीत विकत असलो तरी दुकानदाराचा वाटा त्यात बसतो का, हे पाहावे. पाकीट १०० रुपयांना रुळल्यावर ते दुकानासाठी १३० करणे फार जड जाते.

सवलतीचा हिशेब तर प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावाच. १३० रुपयांवर १० टक्के सवलत दिली की किंमत ११७ होते. ग्राहकाला तेरा रुपये कमी पडतात, परंतु आपले ३८ रुपये उतरून २५ वर येतात. शंभर पाकिटांवर मिळणारे ३८०० रुपये परत मिळवायला आता १५२ पाकिटे विकावी लागतात, म्हणजे अर्ध्याहून अधिक काम वाढते. उलट दिशेने पाहा: किंमत १० टक्के वाढवून १४३ केली तर पाकिटामागे ५१ रुपये उरतात आणि शंभरातले पंचवीस ग्राहक सोडून गेले तरी उत्पन्न तेवढेच राहते. किंमत वाढवावीच असे मी म्हणत नाही. सवलत देताना तेरा रुपये दिसतात आणि बावन्न पाकिटे दिसत नाहीत, एवढेच दाखवायचे आहे.

ज्याला एकदम १३० रुपये खर्च करायचे नाहीत, त्याच्यासाठी छोटे पाकीट काढावे. १९८० च्या दशकात शाम्पूच्या पुड्यांनी हेच केले होते. २०० ग्रॅमचे पाकीट ६० रुपयांना ठेवले तर ग्रॅमला ३० पैसे पडतात, मोठ्या पाकिटाला २६ पैसे. पाऊच आणि हातकाम तेवढेच लागत असल्याने हा फरक रास्त आहे आणि ग्राहकालाही तो पटतो. ९९ रुपयांसारखी किंमत, जिला आपण गमतीने बाटाची किंमत म्हणतो, ती मॉलमध्ये चालत असेल. समोरासमोर रोखीने विकताना सुट्ट्या रुपयाचा घोळच होतो.

पाकीटबंद वस्तूवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणे आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. आता एकक किंमतही, म्हणजे इथे ग्रॅममागे २६ पैसे, छापावी लागते. खाद्यपदार्थ असल्यास एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक, घटकांची यादी आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह हवे. छापील किंमतीपेक्षा कमी घेता येते, जास्त घेता येत नाही.

जाहिरात

आता पत्रकाकडे परत येऊ. दुसरे पत्रक वहिनींनी सांगितले आणि मी फक्त लिहून घेतले: ‘रवाळ दळलेली थालीपिठाची भाजणी. दळल्याची तारीख पाकिटावर. वीस दिवसांपेक्षा जुनी आम्ही विकत नाही. अर्धा किलो १३० रुपये, कोथरूडमध्ये घरपोच.’ त्याखाली फोन क्रमांक, यावेळी चष्म्याशिवाय वाचता येईल असा. बाकीचे दहा पदार्थ गाळले. ते करताना माझाच जीव तुटत होता, पण एका पत्रकाने एकच गोष्ट सांगावी हे मला मान्य करावे लागले.

छापण्याआधी पत्रकाचा हिशेब करावा. दोन हजार प्रती छापण्याचे २४०० आणि वर्तमानपत्रांत घालण्याचे ८०० असे ३२०० रुपये लागले, तर पाकिटामागे ३८ रुपये उरत असताना खर्च भरून निघायला ८५ पाकिटे खपावी लागतात, म्हणजे जवळजवळ दर चोवीस घरांत एक. हे अवघड आहे. परंतु दर दोन महिन्यांनी पाकीट घेणारा ग्राहक वर्षाला २२८ रुपये मिळवून देतो आणि असे पंधरा ग्राहक जोडले तरी खर्च वर्षभरात निघतो. यावरून दोन गोष्टी ठरतात. एकदाच विकली जाणारी वस्तू असेल तर पत्रक बहुधा परवडणार नाही. आणि पुन्हा पुन्हा लागणारी असेल तर पहिल्या विक्रीइतकेच लक्ष दुसऱ्या विक्रीकडे द्यावे. पाकीट दिल्यानंतर सातव्या-आठव्या आठवड्यात ‘ताजी भाजणी शनिवारी दळणार आहोत, ठेवू का?’ असा एक निरोप पाठवायला काहीच खर्च येत नाही.

प्रदर्शनातल्या टेबलालाही हीच कसोटी लावावी. दोन दिवसांचे भाडे सहा हजार असेल तर १५८ पाकिटे खपल्यावर भाडे निघते. डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी लोक खास खरेदीच्या तयारीने येतात, तिथे एवढा खप होऊ शकतो. एखाद्या सभागृहातल्या रिकाम्या प्रदर्शनात होणार नाही. तरीही टेबल घेतलेच तर थालीपीठ तिथेच भाजावे. तव्यावरचा वास जे काम करतो, ते फलक करू शकत नाही.

कोणत्या मार्गाने ग्राहक आला हे कळल्याशिवाय पुढचा पैसा घालू नये. कोथरूडच्या पत्रकावर एक सांकेतिक शब्द, सहकारनगरच्या पत्रकावर दुसरा, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तिसरा, असे ठेवले की वहीत तीन रकाने आपोआप भरत जातात. हे जमत नसेल तर प्रत्येकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ एवढे विचारावे. फोन उचलणाऱ्या प्रत्येकाने ते विचारले पाहिजे, नाहीतर महिनाअखेरीस वहीत निम्म्या नावांपुढे प्रश्नचिन्ह असते.

मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींची नक्कल इथे उपयोगी पडत नाही. १९८९ ची ‘हमारा बजाज’ ही जाहिरात स्कूटरचे एकही वैशिष्ट्य सांगत नव्हती. आपलेपणाची भावना तेवढी जागवत होती. घराघरांत पोहोचलेल्या गाडीला ते शोभले. ज्या भाजणीचे नाव कोणी ऐकलेले नाही, तिने आधी आपण काय आहोत, केवढ्याला आहोत आणि कुठे मिळतो, हे सांगावे.

जाहिरातीत जे लिहू ते सिद्ध करता आले पाहिजे. ‘मधुमेह बरा करते’, ‘शंभर टक्के रसायनमुक्त’, ‘पुण्यात क्रमांक एक’ असली वाक्ये गमतीत लिहिली जातात, परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. छापील किंमत मुद्दाम फुगवून बारमाही सवलत दाखवण्याचाही मोह टाळावा. कायद्याचे सोडा, सोसायटीतल्या बायका दुसऱ्याच महिन्यात ते ओळखतात.

वहिनींच्या वहीत दुसऱ्या पत्रकानंतर तीन महिन्यांनी कोथरूडच्या रकान्यात एकोणीस नावे होती आणि त्यांतल्या अकरांनी दुसरे पाकीट नेले होते. सहकारनगरच्या रकान्यात चारच होती, म्हणून तिथले पत्रक थांबवले. व्हॉट्सअ‍ॅपच्या रकान्यातल्या सहा नावांपैकी एक ओळखीचे निघाले: प्रदर्शनात ‘यात वेगळं काय?’ विचारणारी तीच मुलगी. तिने निरोपात लिहिले होते, ‘‘काकू, तारीख बघून घेतेय हं.’’